रस्ता देखभालीचा दर किलोमीटर खर्च: आकडा खरा, पण तो सांगतो काय?

जमाखर्ची (धागाकर्ता)

रस्तेदुरुस्तीची वर्षभराची बिलं, मजुरांचे हजेरीपट आणि यंत्रांच्या लॉगशीट एकत्र करून त्यातून अहवाल काढणं हे माझं काम. मी इंजिनियर नाही, आकडेवाला आहे. दरवर्षी एक तक्ता सगळ्यात आधी मागितला जातो: कोणत्या विभागाने नियमित देखभालीवर दर किलोमीटर किती खर्च केला. ज्याचा आकडा कमी त्याची पाठ थोपटली जाते, ज्याचा जास्त त्याला खुलासा लिहावा लागतो. यंदा एका विभागाचा आकडा शेजारच्या विभागाच्या निम्म्यावर आला आणि बैठकीत त्यांचं कौतुक झालं. मी गप्प बसलो, पण तेव्हापासून डोक्यात भुंगा शिरलाय.

या ‘नियमित देखभाली’त काय काय येतं बघा. खड्डे बुजवणं, भेगा भरणं, साइडपट्ट्या सारख्या करणं, गटारं आणि मोऱ्यांमधला गाळ काढणं, गवत-झुडपं छाटणं, पट्टे रंगवणं, फलक आणि कठडे दुरुस्त करणं. पूर्ण लांबीवर नवा थर टाकणं यात येत नाही, ते ठरावीक वर्षांनी येणारं वेगळं काम. म्हणजे गवत कापायचा खर्च आणि डांबराचा खर्च एकाच रकमेत कोंबायचा आणि लांबीने भागायचं. त्यात दोन पदरी रस्त्याचा किलोमीटर आणि सहा पदरी रस्त्याचा किलोमीटर सारखाच मोजायचा! हे निदान पदर-किलोमीटर (लांबी गुणिले पदरांची संख्या) धरून सुधारता येतं.

खरी गोची पुढे आहे. मी हौसेने आलेख काढला: आडव्या अक्षावर देखभालीचा खर्च, उभ्या अक्षावर रस्त्याची स्थिती. निघालं काय, तर जिथे खर्च जास्त तिथे रस्ता वाईट. आता यावरून देखभालीमुळे रस्ते बिघडतात असं म्हणायचं का? ज्या घरात तापाच्या गोळ्या जास्त तिथे तापाचे रोगी जास्त, तशातला हा प्रकार. आणि खर्च कमी असलेल्या टोकाला दोन अगदी वेगळ्या जातीचे रस्ते शेजारी शेजारी बसलेले असतात. एक नवाकोरा, ज्याला काही लागतच नाही. दुसरा वाऱ्यावर सोडलेला, ज्याच्याकडे कोणी जातच नाही. तक्त्यात दोघंही ‘काटकसरी’.

माझं मत असं झालंय की खर्चाला किलोमीटरने भागण्यापेक्षा झालेल्या कामाने भागावं (भरलेल्या खड्ड्यांचं क्षेत्र, साफ केलेल्या गटाराची लांबी) आणि पुन्हा ते काम किती काळ टिकलं त्याने. पहिला भागाकार जमतो, दुसरा जमत नाही, कारण काम किती टिकलं हे कुणी लिहूनच ठेवत नाही. प्रत्यक्ष साइटवर काम केलेल्यांनी सांगावं, हे लिहिता येण्यासारखं आहे का?

प्रश्नचिन्ह

धागा आवडला. पण सामान्य वाहनचालक म्हणून विचारतो, एकच खड्डा वर्षात तीनदा बुजवताना बघितलाय. दर वेळी नवं बिल. हिशेब कसला करताय, आधी नीट बुजवा की!

रोलरकाका

प्रश्नचिन्ह, राग रास्त आहे. मी आयुष्यभर गँगबरोबर राहिलोय, तेव्हा आतली गोष्ट सांगतो. एका खड्ड्याला लागणारा माल घमेलं-दोन घमेली. पण तो माल तिथे पोचवायला एक गाडी, तिचा चालक, चार-पाच माणसं, मुकादम, मागे झेंडी घेऊन एकजण, रहदारी जास्त असेल तर शंकू आणि इशाऱ्याची दुसरी गाडी. पाळीतला केवढा तरी वेळ जाण्यायेण्यात आणि वाहतूक वळवण्यात जातो. खड्ड्यात फावडं प्रत्यक्ष चालतं ते थोडाच वेळ. म्हणून मालाच्या दरात घासाघीस करून वाचवलेला पैसा हा निव्वळ देखावा असतो. स्वस्त माल उखडला की तीच गाडी, तीच गँग, तेच शंकू परत.

अमेरिकेत ८०च्या दशकाच्या अखेरीस महामार्ग संशोधनाचा एक मोठा सरकारी कार्यक्रम सुरू झाला होता. त्यात खड्डे बुजवण्याच्या पद्धती आणि माल रस्त्यावर शेजारी शेजारी लावून वर्षानुवर्षं पाहिले. निष्कर्ष दोन आणि दोन्ही आमच्या अनुभवाशी जुळणारे. पहिला, चांगल्या प्रतीचा माल महाग असला तरी शेवटी स्वस्त पडतो, कारण परत परत जाण्याचा मजुरीचा खर्च वाचतो. दुसरा जरा अनपेक्षित होता. खड्डा चौकोनी कापून, कोरडा करून, थरावर थर दाबून केलेलं ‘पक्कं’ काम आणि माल टाकून ट्रकच्याच चाकाखाली चारसहा वेळा दाबून केलेलं झटपट काम, माल चांगला असेल तर टिकायला जवळपास सारखंच निघालं. झटपट पद्धतीत एका पाळीत कितीतरी जास्त खड्डे होतात. मी स्वतः चौकोनी कापण्याचा कट्टर पुरस्कर्ता होतो, हे वाचून थोडा हिरमुसलो.

मात्र माल ओतून न दाबता निघून जाणं, जे तुम्ही तीनदा पाहिलंत, त्याला कुठल्याच अभ्यासात माफी नाही.

शंकासुर

काका, मग खड्डा परत पडतो त्याचं खापर मालावर की गँगवर?

रोलरकाका

बहुतेक वेळा पाण्यावर. खालचा खडीचा थर ओला राहिला की त्याची ताकद जाते, वरचं डांबर कितीही उत्तम असो. गटार तुंबलेलं, साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झालेली, पाणी बाजूला जाण्याऐवजी रस्त्यावरच थांबतं. भेगेतून आत जातं, वरून चाकं दाबतात, बारीक माती पाण्याबरोबर भेगेतून बाहेर येते, आत पोकळी होते. मग जाळीदार भेगा, मग तुकडा सुटतो, मग खड्डा. तुम्ही फक्त शेवटची पायरी बघता. म्हणून जमाखर्ची यांनी गवत कापायचा खर्च डांबराबरोबर ‘कोंबायचा’ असं म्हटलंय ते मला खटकलं. गटारातलं गवत आणि गाळ काढणं ही माझ्या यादीतली पहिली कामं. दिसत नाहीत, म्हणून पैसे कापायचे झाले की पहिली कुऱ्हाड तिथेच पडते.

भारवाहक

पाणी मान्य, पण रस्ता तोडतात अवजड गाड्या, हे विसरू नका. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या ऑटवा गावाजवळ खास चाचणीसाठी रस्त्यांचे फेरे बांधले होते. लष्कराच्या चालकांनी तिथे ठरावीक वजनाचे ट्रक दोन वर्षं फिरवले, एकेका मार्गावरून साधारण ११ लाख अ‍ॅक्सल (दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा आडवा दांडा) गेले. त्यातून चौथ्या घाताचा प्रसिद्ध नियम आला: अ‍ॅक्सलवरचा भार दुप्पट झाला की इजा सोळापट. हिशेब करून बघा, ८ टनांचा अ‍ॅक्सल आणि अर्ध्या टनाचा अ‍ॅक्सल यांत भाराचा फरक १६ पट, इजेचा फरक ६५,५३६ पट. आणि ट्रकवर ‘थोडंसंच’ म्हणजे २० टक्के जादा वजन घातलं तर इजा दुपटीहून जास्त. तेव्हा देखभाल खर्चाचा तक्ता करताना किलोमीटरच्या आधी गेलेल्या अ‍ॅक्सलचा भार बघा. समान लांबी, समान खर्च, पण एका रस्त्यावर खाणीची वाहतूक असेल तर तुलना कसली?

शंकासुर

म्हणजे सगळा देखभाल खर्च ट्रकवाल्यांकडून वसूल करायचा का? आमच्या छोट्या गाड्या मोकळ्या?

जमाखर्ची

शंकासुर, तसं नाही होत, आणि इथेच आकडेमोड रंगतदार होते. चौथा घात लागू होतो तो भारामुळे होणाऱ्या झिजेला. डांबर ऊन आणि हवेने म्हातारं होतं, कडक होतं आणि एकही ट्रक न जाता त्याला भेगा पडतात. गवत ट्रक मोजून उगवत नाही. पट्टे पुसले जातात त्यात छोट्या गाड्यांच्या टायरांचाही वाटा असतोच. त्यामुळे खर्चाचे निदान तीन ढीग करावे लागतात. भारावर अवलंबून असलेला, गाड्यांच्या संख्येवर अवलंबून असलेला आणि रस्ता नुसता तिथे आहे म्हणून होणारा. कमी वर्दळीच्या रस्त्यावर तिसरा ढीग सगळ्यात मोठा निघतो.

तो चार आकडाही दगडावरची रेघ नव्हे. त्या चाचणीत एकच माती, एकच हवामान. त्याच नोंदी पुढे पुन्हा तपासणाऱ्या अर्थतज्ज्ञांना घात तीनच्या जवळपास मिळाला. थराची जाडी, मातीचा पोत यांनुसार तो बदलतो. अवजड वाहन फार जास्त इजा करतं, एवढं मात्र कुठल्याही घाताने खरंच राहतं.

वाटसरू

वाचनखूण साठवली.

प्रश्नचिन्ह

एक भाबडा प्रश्न. सगळीकडे काँक्रीट का नाही करत? एकदाच करा, देखभालीची कटकटच नको.

रोलरकाका

काँक्रीटलाही देखभाल असते हो. पाट्यांमधल्या (काँक्रीटच्या ओतलेल्या लाद्यांमधल्या) सांध्यांत भरलेला मसाला काही वर्षांनी सुटतो, तो परत भरावा लागतो. नाही भरला की तेच पाणी, तीच पोकळी, आणि मग पाटीचा कोपरा तुटतो. डांबराचा खड्डा अर्ध्या तासात बुजतो, काँक्रीटची पाटी तोडून नवी ओतायची म्हणजे एक पदर काही काळ बंद. कटकट कमी वेळा होते हे खरं, पण होते तेव्हा दणदणीत.

शंकासुर

आता माझा आवडता मुद्दा. प्रत्येक सादरीकरणात एक घसरगुंडीसारखी वक्ररेषा असते. आयुष्याच्या पहिल्या ७५ टक्के काळात रस्त्याची प्रत ४० टक्के घसरते, पुढच्या १२ टक्के काळात आणखी ४० टक्के. आणि खाली लिहिलेलं असतं, ‘इथे एक खर्च करा, नाहीतर तिथे सहा खर्च करावे लागतील’. कधी सहा, कधी आठ, कधी दहा. हे आकडे आले कुठून? आणि सगळ्या रस्त्यांना एकच वक्ररेषा कशी?

जमाखर्ची

शंकासुर, तुमच्याशी सहमत व्हायची वेळ क्वचित येते, आज आली! ती वक्ररेषा कल्पना समजावण्यासाठी ठीक आहे, अंदाजपत्रकात घालायला नाही. ‘एकाचे सहा’ म्हणताना एक घोटाळा होतो. आजचा एक आणि दहा वर्षांनंतरचे सहा सरळ शेजारी मांडले जातात. पैशाला काळाची किंमत असते, ती कुठे गेली?

त्यापेक्षा असं करून बघा. आकडे निव्वळ समजण्यापुरते. नवा थर टाकायला ३० एकक लागतात आणि तो आठव्या वर्षी टाकावा लागेल असा अंदाज आहे. तिसऱ्या वर्षी १ एकक खर्चून भेगा भरल्या तर तो थर दहाव्या वर्षापर्यंत लांबतो. सवलतीचा दर (पुढचा पैसा आजच्या किमतीत आणायचा वार्षिक दर) ६ टक्के. आठव्या वर्षीच्या ३० चं आजचं मूल्य १८.८२, दहाव्या वर्षीच्या ३० चं १६.७५. वाचले २.०७. भेगा भरण्याचा आजच्या मूल्यातला खर्च ०.८४. म्हणजे फायदा आहे, अडीचपटीच्या आसपास. सहापट नव्हे, पण बरा.

आता याच गणिताला उलटं विचारा: भेगा भरल्याने थर किमान किती लांबला पाहिजे म्हणजे पैसे वसूल? उत्तर येतं नऊ-साडेनऊ महिने. हे वाक्य मला कुठल्याही वक्ररेषेपेक्षा जास्त कामाचं वाटतं, कारण ते साइटवर तपासता येतं. रस्ता आधीच जाळीदार भेगांनी भरलाय, आतला थर बसलाय, तिथे भेगा भरून सहा महिनेही मिळणार नाहीत. तो १ एकक बुडीत खाती. तेच काम चांगल्या रस्त्यावर वेळेत केलं तर सोनं. काम तेच, दर तोच, वेळ वेगळी.

आणि इथेच विभागांची पंचाईत होते. लोक ओरडतात वाईट रस्त्यासाठी, चांगल्या रस्त्याच्या भेगा भरा म्हणून कोणी अर्ज देत नाही. सर्वांत वाईटापासून सुरुवात केली की सगळा पैसा अशा रस्त्यांवर जातो ज्यांना देखभाल नाही, पुनर्बांधणी हवी आहे. तोवर मधले रस्ते त्या रांगेत येऊन उभे राहतात.

आडवाट

सगळे खात्याचाच खर्च मोजताय. गाडीवाल्याचा कोण मोजणार? वर्ल्ड बँकेने ७०च्या दशकात केनियात आणि नंतर ब्राझीलमध्ये हेच मोजायला मोठे अभ्यास करवले: रस्ता किती खडबडीत झाला की इंधन, टायर, सुटे भाग, वेळ यांचा खर्च किती वाढतो. त्यातूनच पुढे त्यांचं महामार्ग विकास आणि देखभालीचं प्रतिमान (खर्चाचा अंदाज बांधायचं मॉडेल) आलं. खडबडीतपणाचा आंतरराष्ट्रीय निर्देशांकही १९८२ मध्ये ब्राझीलमध्ये झालेल्या प्रयोगांतून आला. तो मीटर प्रति किलोमीटरमध्ये मोजतात, चांगला नवा रस्ता २ च्या खाली असतो. वर्दळीच्या रस्त्यावर वाहनधारकांच्या एकूण खर्चापुढे खात्याचा देखभाल खर्च किरकोळ असतो. तुमच्या त्या ‘काटकसरी’ विभागाने वाचवलेला पैसा लोकांनी वर्कशॉपमध्ये भरला असेल. तक्त्यात तो रकानाच नाही.

घसारा

मी पेशाने हिशेब तपासनीस, त्यामुळे दुसरीकडे बोट दाखवतो. बऱ्याच ठिकाणी देखभाल महसुली खर्चातून होते आणि पुनर्बांधणी भांडवली खर्चातून. दोन वेगळी पाकिटं. देखभाल टाळली तर या पाकिटात बचत दिसते. रस्ता मोडला की दुसऱ्या पाकिटातून नवा होतो, त्याचं उद्घाटनही होतं. दोन्ही वेळा कौतुकच! हिशेबाची मांडणीच अशी असेल तर माणसाला दोष काय द्यायचा.

१९८८ साली वर्ल्ड बँकेने ८५ देशांतल्या रस्त्यांचा आढावा घेतला होता. आधीच्या दोन दशकांत ४५ अब्ज डॉलर किमतीचे रस्ते वाया गेले आणि १२ अब्ज डॉलरहून कमी खर्चाच्या प्रतिबंधक देखभालीने ते वाचले असते, असा तो अंदाज. म्हणजे पावणेचारपट. शंकासुरांच्या ‘सहा, आठ, दहा’पेक्षा कमी, पण हा आकडा निदान कुठून आला ते माहीत आहे.

यावर एक हिशेबी उपाय अमेरिकेत निघाला. तिथल्या सरकारी लेखांकन मंडळाच्या १९९९ च्या चौतिसाव्या मानकाने राज्यांना आणि शहरांना रस्ते-पूल ताळेबंदात दाखवायला लावले. त्यात एक पर्याय ठेवला: रस्त्याची स्थिती ठरावीक पातळीच्या वर ठेवताय हे वेळोवेळी तपासून दाखवा, मग घसारा (झिजेपोटी दरवर्षी कमी दाखवायची किंमत) लावायची गरज नाही, देखभालीचा खर्च तेवढा मांडा. स्थितीची नोंद ही इंजिनियरची हौस न राहता ताळेबंदाचा भाग झाली. (माझं टोपणनाव यावरून नाही, पण योगायोग छान आहे.)

शंकासुर

ठेकेदारालाच दहा वर्षांसाठी रस्ता देऊन टाकला आणि ‘खड्डा दिसला तर दंड’ म्हटलं तर? किती खड्डे बुजवले ते मोजायचंच कशाला?

घसारा

असे ठेके आहेत. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९८८ मध्ये सुरुवात झाली, ९०च्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि लॅटिन अमेरिकेत पसरले. फायदा असा की गटार साफ ठेवणं ठेकेदाराच्याच हिताचं होतं. तोटा असा की खात्याकडे कामाच्या नोंदीच उरत नाहीत, आणि पुढचा ठेका काढताना योग्य दर काय हे फक्त जुन्या ठेकेदाराला माहीत असतं. शेवटच्या दोन वर्षांत तो हात आखडता घेतो ते वेगळंच.

रोलरकाका

जमाखर्ची, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलंच. काम किती टिकलं ते लिहिता येतं. नवीन काही लागत नाही. मुकादमाच्या रोजच्या चिठ्ठीत ‘किमी अमुक ते तमुक, इतके खड्डे’ असं असतं. त्याऐवजी प्रत्येक ठिगळाची जागा जवळच्या अंतराच्या दगडापासून मीटरमध्ये आणि डावी-उजवी बाजू लिहायला लावा. दुसरा रकाना: ‘इथे आधी काम झालंय का?’ मुकादमाला जुनं ठिगळ दिसतंच, त्याला फक्त हो-नाही लिहायचंय. तिसरा रकाना: ‘पाणी साचतं का?’ बस. चौथा रकाना वाढवलात तर चिठ्ठी भरणारच नाहीत, हे अनुभवाने सांगतो.

जमाखर्ची

पाच महिन्यांनी धागा वर काढतोय, कारण काकांच्या तीन रकान्यांची हकीकत सांगायची राहिली होती. दोन्ही विभागांत चिठ्ठी बदलली. पहिले काही आठवडे मीटरच्या जागी सगळीकडे गोल शेकडे आले: १००, २००, ५००. एका मुकादमाला विचारलं तर म्हणाला, “साहेब, दगडच शंभर मीटरला आहेत.” चूक आमचीच, त्यांना मोजपट्टी दिली नव्हती. दिल्यावर नोंदी सुधारल्या.

निम्म्या खर्चाच्या विभागाचं कोडंही अर्धंमुर्धं सुटलं. त्यांच्या बऱ्याच लांबीवर अलीकडेच नवा थर पडलाय, त्यामुळे खर्च कमी असणं स्वाभाविक होतं. तेवढ्यापुरता मी त्यांच्यावर उगाच संशय घेतला. पण उरलेल्या जुन्या लांबीवर ‘आधी काम झालंय’ आणि ‘पाणी साचतं’ हे दोन्ही ‘हो’ एकाच ओळीत वारंवार येतायत, आणि बहुतेक एकाच पट्ट्यात. त्या पट्ट्यातल्या मोऱ्यांच्या सफाईचं बिल शोधलं. गेल्या दोन वर्षांत नाही. ती रक्कम तक्त्यात ‘बचत’ म्हणून दाखवली होती, आणि तिच्या शेजारच्या ओळीत पॅचवर्कचा खर्च वाढत गेलेला.

रोलरकाका

मोऱ्या साफ झाल्या का आता?

जमाखर्ची

मंजुरी आलीय. गँग सोमवारी जाते आहे.

रोलरकाका

जाताना मुकादमाला सांगा, गाळ काठावर टाकू नका. पहिल्या पावसात परत आत येतो.